भुलीतून उठताना शेजारी कोण

९ मे २०२४
सॅनपीट, युटा

प्रिय हेबर,

तुझा पत्ता बाबांच्या फोनमधून घेतला. त्यांनी दिला नाही, मी घेतला. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर दुसऱ्या कोणाला सांगावं लागणार नाही.

लिंडीच्या चारही अक्कलदाढा काढायच्या आहेत. खालच्या दोन आडव्या उगवल्यात आणि पुढच्या दाढांना ढुशा देतायत. प्रोव्होला, डॉ. ऑस्टलरांकडेच, १२ जून, बुधवार, सकाळी दहाची वेळ मिळाली आहे. पूर्ण भूल द्यायची असली की तिथे नियम आहे, घरचं कोणीतरी मोठं माणूस भूल देण्याआधीपासून शुद्धीवर येईपर्यंत हजर लागतं. लिंडी म्हणते, ते माणूस तू असायला हवास.

"मला हेब हवाय. तू नकोस," ती म्हणाली. ताटातले बटाटे पुढे सरकवत, मीठ मागावं तितक्या सहज.

मी म्हटलं, "मग बाबा बसतील."

"बाबा म्हणजे तूच. फक्त टक्कल पडलेली."

तुझे बाबा हसले. मला तेही खुपलं, आणि खुपलं याचंही वाईट वाटलं.

"मग तूच सांग त्याला," मी म्हटलं. "रोज तर बोलता तुम्ही."

"मी विचारलं तर तो येईल," ती म्हणाली. "म्हणून तर तू विचार."

तर मी विचारते आहे. येशील का? एल्कोहून प्रोव्होला चार तास लागतात. तुझ्या पायाला एवढा वेळ गाडी चालवणं झेपत असेल अशी आशा आहे. रात्री राहायचं असलं तर तुझ्या खोलीत मी आता शिवणाचं मशीन ठेवलंय, पण पलंग आहे.

तुझी आई


२१ मे

प्रिय हेबर,

उत्तर आलं नाही. तुझ्या टायरच्या दुकानात या दिवसांत गर्दी असते हे मला माहीत आहे.

पहिलं पत्र मी कच्चं लिहून लिंडीला दाखवलं होतं. ती म्हणाली, "हे पत्र नाहीये, चर्चच्या फलकावरची सूचना आहे." मी ते तसंच पाठवलं. आता तिची अट अशी की यापुढचं प्रत्येक पत्र ती वाचणार आणि पाकीट तिच्यासमोर बंद होणार. सतरा वर्षांची पोर आपल्या आईची पत्रं तपासते, आणि मी तपासू देते.

तर मागचं बोलावंच लागेल.

तुला चर्चकडून मिशनचं, दोन वर्षांच्या धर्मप्रचाराचं, बोलावणं आलं त्या उन्हाळ्यात तुझ्याही दाढा ऑस्टलरांकडेच काढल्या, कारण निघण्याआधी दातांच्या डॉक्टरची सही लागते. इथल्या सगळ्याच मुलांच्या काढतात. दूर कुठेतरी दोन वर्षं राहायचं, तिथे कुठे दाढदुखी काढत बसणार. जून महिन्यात आपल्या गल्लीत प्रत्येक घरात एक तरी सुजलेलं तोंड असतं. तुझ्या वेळी चर्चमधल्या सिस्टर पिकेटनी चीज घातलेल्या बटाट्यांचं एवढं भांडं आणलं होतं की आपण ते चार दिवस खाल्लं. भुलीतून उठल्यावर तू मिल्कशेकला लग्नाची मागणी घातलीस, त्याचा व्हिडिओ मी सगळ्यांना पाठवला. लोक अजून आठवण काढतात. निदान काढायचे.

त्या व्हिडिओच्या आधी, फोन चालू करण्याआधी, तू म्हणाला होतास की तुला मिशनला जायचं नाहीये. ते मी कोणाला सांगितलं नाही. बाबांनाही नाही, तुलाही नाही. पण हेबर, दवाखान्यातून दिलेल्या कागदावरच छापलेलं असतं: चोवीस तास रुग्णाने महत्त्वाचा निर्णय घेऊ नये, कशावर सही करू नये. मी तेवढाच अर्थ घेतला. भुलीतलं बोलणं. तू ऑगस्टमध्ये आपल्या पायांनी विमानात चढलास, हसत चढलास. जानेवारीत डुलुथच्या त्या गोठलेल्या तलावावर मिशनवरच्या तुझ्या जोडीदाराला तू नुसत्या मोज्यांवर उभा सापडशील, थंडीने पायाची दोन बोटं जातील, हे मला जूनमध्ये कसं कळणार होतं?

मी ते डायरीत लिहिलं, कारण डायरीत मी सगळं लिहिते. खोटं लिहीत नाही. तू परत आल्यावर, मार्चमध्ये, लिंडीला रविवारच्या वर्गासाठी आईबाबांच्या डायरीतला 'श्रद्धेचा एक प्रसंग' वाचून दाखवायचा होता. तिला वाटलं, दादाला बोलावणं आलं ते महिने उघडावेत. तिने उघडले, आणि तळघरात तुझ्याकडे घेऊन गेली. मी ते पान तिच्या हातातून ओढलं तेव्हा तुम्ही अर्ध्यावर आला होतात. त्याच संध्याकाळी तू घर सोडून गेलास.

१२ जूनचं तेवढं कळव.

आई

हेब, 'तू म्हणाला होतास' असं लिहिलंय वर. तू आपणहून म्हणाला नव्हतास. ती विचारत होती. एवढं मी वाचलं होतं. — लिं.


२ जून

हेबर,

लिंडीने खाली काय लिहिलं ते मी पाकीट चिकटवताना पाहिलं आणि तसंच जाऊ दिलं. यात माझा मोठेपणा नाही. ती समोर उभी होती.

गुरुवारी तिची हिरडी सुजली. शुक्रवारी तोंड बोटभर उघडेना आणि कानापर्यंत ठणका. शनिवारी ताप एकशे दोन. दवाखान्यात नेलं, पू झालाय म्हणाले, गोळ्या दिल्या. डॉ. ऑस्टलरांनी सांगितलं, सूज उतरली की बाराची तारीख चुकवायची नाही. पुन्हा असं झालं तर सूज गळ्यात उतरू शकते, आणि मग ते दातांचं दुखणं राहत नाही.

त्यांच्या खोलीत लिंडी म्हणाली, "भूल नकोच. नुसतं बधिर करा आणि काढा."

डॉक्टर हसले. "आडव्या दाढा आहेत बाळ. हाड कोरायचं, दाढेचे तुकडे करायचे. आवाज थेट डोक्यात येतो. जागेपणी कशाला ऐकायचंय ते?"

"आवाज चालेल," ती म्हणाली. तोंड उघडत नव्हतं, दातांतल्या दातांत बोलत होती. "मी काय बोलले ते मला आठवत नसेल आणि हिला आठवत असेल, ते चालणार नाही."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. काय शोधत होते, देव जाणे.

घरी येताना तुझे बाबा गाडी चालवत होते. टर्की कोंबड्यांच्या शेडांचा वास यायला लागला. मग म्हणाले, "जॅनेल, पोराला येऊ दे. खुर्चीतच बसायचंय त्याला."

"मी कुठे अडवलंय? दोन पत्रं लिहिली."

मागच्या सीटवरून लिंडी म्हणाली, "दोन पत्रांत एक खरं वाक्य शोधून दाखव, मी भूल घेते. तू शेजारी बसलीस तरी चालेल, जा."

घरी येऊन मी दोन्ही कच्ची पत्रं पुन्हा वाचली. वाक्यं खरी होती. पण एकेक वाक्य खरं ठेवून सगळं पत्र खोटं करता येतं. हे मला जमतं. बहुधा लहानपणापासून जमतं.

तर, खरं वाक्य. त्या दिवशी तू मला नर्स समजलास. त्या वर्षी सगळ्यांच्याच तोंडावर मास्क होते, तुझ्या गालांना बर्फाच्या पिशव्या बांधलेल्या, डोळे धड उघडत नव्हते. नर्स चाकाची खुर्ची आणायला गेली होती. तू मला नर्स समजलास आणि मी समजू दिलं.

तू ये. माझ्यासाठी नको.

आई


७ जून

हेबर,

काल जेवताना लिंडीने तिचा फोन माझ्या सूपच्या वाटीशेजारी ठेवला. तुझा निरोप मी तीनदा वाचला.

"येतो. ती इमारतीत नको. आणि तेव्हा मी काय काय बोललो ते मला लिहून हवंय, सगळं. मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही."

'ती'. मला 'आई' अपेक्षित होतं असं नाही.

तुला लिहून देण्यापेक्षा मी पानच पाठवते. लिंडीच्या हातून ओढून घेतलेलं ते पान मी जाळलं असेल असं तुम्हा दोघांना वाटत असणार. मी डायरी जाळणारी बाई नाही. ते माझ्या धर्मग्रंथात मागच्या बाजूला ठेवलं होतं, दर रविवारी मांडीवर घेऊन बसत होते. सोबत आहे. अक्षर घाईचं आहे, म्हणून खाली पुन्हा उतरवते.

'मी विचारलं, दुखतंय का. हेब म्हणाला, नाही. तुम्ही नर्स का? मी हो म्हटलं. मग विचारलं, मिशनला जाणार ना तू, आनंद झालाय ना? म्हणाला, नाही. का रे? म्हणाला, मी प्रार्थना करतो तर समोर कोणीच नसतं. सगळ्यांना काहीतरी जाणवतं, मला फक्त गुडघे दुखतात. रोज सकाळी उलटी होते. नळ सोडून ठेवतो, आवाज जाऊ नये म्हणून. मी म्हटलं, मग घरी सांग. म्हणाला, आईला सांगू नका हां. तिने निरोपाची कार्डं छापलीयत. मी विचारलं, सांगितलंस तर काय होईल, रागावेल? म्हणाला, नाही. ती काहीच बोलणार नाही. तेच तर. विचारलं, आणि गेलास तर? म्हणाला, गेलो तर मी संपेन.'

याखाली त्या दिवशी मी एक रेघ मारली आहे. तिच्याखाली लिहिलंय: 'देवा, त्याला बळ दे.' तुला बळ दे म्हणून मागितलं मी. मला दे म्हणून मागायला हवं होतं, हे आत्ता लिहिताना सुचतंय, आणि सुचतंय ते वाक्य म्हणून चांगलं दिसतं म्हणून की खरंच, ते मला सांगता येत नाही.

आता वाचताना मला वर्गातल्या बाईंनी विचारावेत तसे प्रश्न दिसतात. एकेक प्रश्न नीट, पुढच्याला जोडून. घाबरलेली आई असे विचारत नाही. मला माहिती हवी होती. मला सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं, म्हणजे त्यावर काही करायचं नाही हे मला शांतपणे ठरवता येणार होतं.

माझ्या चारही भावांनी मिशनची दोन-दोन वर्षं पुरी केली. तुझ्या बाबांनी नाही केली. लग्नानंतर तेवीस वर्षं माझ्या माहेरी कोणीच त्यांना त्याबद्दल विचारलेलं नाही, आणि तेवीस वर्षं ते न विचारणं मी प्रत्येक जेवणाला ऐकते आहे. हे कारण म्हणून सांगत नाही. कारण म्हणून पुरत नाही.

एवढंच आहे. मी सही करून बाहेर जाईन.

आई


१३ जून

हेबर,

हे पत्र लिंडी वाचणार नाही. ती तुझ्याकडेच आहे.

तुम्ही कालच्या दिवसाबद्दल काय म्हणत असाल ते मला माहीत नाही, म्हणून माझ्या बाजूने जे दिसलं ते लिहिते. तू दाढी वाढवली आहेस. डावा पाय जरा बाहेर टाकून चालतोस, पण लंगडतोस असं कोणी म्हणणार नाही. दवाखान्याच्या दारात तू माझ्यासाठी दार धरलंस आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिलास. ती अजून अठराची नाही म्हणून संमतीच्या कागदावर सही माझीच लागत होती. माझं तिथे तेवढंच काम होतं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आई थांबतील ना आत?"

लिंडी म्हणाली, "नाही. भाऊ थांबेल."

"आई बाहेर बसल्या तरी चालतं."

"तिला बाहेर बसता येत नाही," लिंडी म्हणाली. "ती आत येते."

त्या मुलीला वाटलं ही गंमत आहे. ती हसली. मीही हसले. तू हसला नाहीस, त्याबद्दल मी तुझी आभारी आहे, आणि खरं तर हसला असतास तर मला बरं वाटलं असतं.

एक तास पन्नास मिनिटं मी गाडीत बसले. मग तू तिला चाकाच्या खुर्चीतून आणलंस. डोक्याभोवती बर्फाची पट्टी, लाळ गळत होती, एक हात हवेत. ती काहीतरी सांगत होती आणि तू वाकून ऐकत होतास, मग तू एकदम इतका हसलास की खुर्ची थांबवावी लागली. ती काय म्हणाली ते मला कधी कळणार नाही. नियम चांगला आहे.

मी सूपचा डबा घेऊन आले, यादी वाचून दाखवली. स्ट्रॉ नको, गरम नको, झोपताना डोकं उंच. तू म्हणालास, "तिची बॅग माझ्या गाडीत आहे. आठवडाभर राहील." मी म्हटलं, मला कोणी सांगितलं नाही. तू म्हणालास, "बाबांना माहीत आहे."

मग तू विचारलंस, "पानावर शेवटी रेघ आहे. त्यानंतर काय?"

"काही नाही. तू झोपलास."

"नक्की?"

"नक्की."

तू मान हलवलीस. "म्हणजे सांगितलं ते एका नर्सला. तुला सांगायची हिंमत भुलीतसुद्धा झाली नाही. ठीक आहे. तीन वर्षं मला तेच वाटत होतं." आणि गाडीत बसलास. लिंडी खिडकीतून मला टाटा करत होती. मी कोण आहे हे तिला त्या वेळी ओळखू येत नसणार, नाहीतर केला नसता.

रात्री तुझे बाबा म्हणाले, "झालं ना सगळं नीट?" मी म्हटलं, झालं.

आता जे लिहिते ते पाठवावं की नाही, याचा सकाळपासून विचार करते आहे. न पाठवलं तर तू स्वतःला भित्रा समजत राहशील, आणि ते खोटं आहे. पाठवलं तर तू माझ्यासाठी पुन्हा कधी दार धरणार नाहीस. यात तुझं भलं किती आणि माझ्या जिवाला हलकं वाटणं किती, ते मी वेगळं करायला बसले होते. होत नाही. तेव्हा डायरीत लिहून मी हलकी झाले आणि तू विमानात चढलास. आता तुला लिहून हलकी होते आहे की काय, कोण जाणे. तुला लागणार हे नक्की. तरी लिहिते.

रेघ मारली तेव्हा ते संपलं नव्हतं. डायरीत मी खोटं लिहीत नाही असं तुला लिहिलं. डायरीत मी खोटं लिहिलेलं नाही, फक्त थांबले.

'संपेन' म्हणालास आणि तू माझं बोट धरलंस. नर्सचं म्हणून धरलंस. मला वाटलं झोप लागली. मग एकदम अगदी स्पष्ट, तोंडात कापसाचे बोळे असून स्पष्ट, म्हणालास, "माझी आई बाहेर बसलीय. तिला बोलवाल का? तिलाच सांगतो. आत्ताच सांगतो, नंतर मला जमायचं नाही."

दार चार पावलांवर होतं. बाहेर जायचं, मास्क काढायचा, परत आत यायचं. एवढंच काम होतं.

मी म्हटलं, "आई घरी गेली रे. तुला न्यायला बाबा येणारेत."

तू जरा वेळ छताकडे बघत राहिलास. मग माझं बोट सोडलंस.

"बरं," म्हणालास. "मग राहू दे."